नक्षी वर्गात आली, नक्षीकार बाहेरच

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादा या इटालियन फॅशन कंपनीच्या मॉडेल्सच्या पायांत कोल्हापुरी चपला दिसल्या आणि महाराष्ट्रात गदारोळ उठला. डरबनमध्ये बसून मी त्या बातम्या वाचत होते. राग रास्तच होता. जीआय (भौगोलिक ओळखीचे) मानांकन मिळालेल्या चपलेचे नावही न घेता ती मिरवली गेली आणि मूळ भारतीय असल्याची कबुली कंपनीने नंतर दिली. पण आपल्याच डिझाइन कॉलेजांत चपला बांधणारा माणूस कुठे असतो, हे त्या गदारोळात कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

इथे दक्षिण आफ्रिकेत कोणाची विद्या वर्गात शिकवायची हा विषय २०१५ पासून धगधगतो आहे. त्या एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांच्या रेट्यामुळे केपटाउन विद्यापीठातला ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्सचा पुतळा हटला आणि मग चर्चा अभ्यासक्रमांकडे वळली. डिझाइनच्या वर्गात तोवर बाउहाउस ही जर्मन डिझाइनशाळा म्हणजे ‘शिक्षण’ होते, तर झुलू मणीकाम ही पर्यटकांना विकायची ‘हस्तकला’. ही उतरंड आपल्यालाही परकी नाही.

ती मोडली की काय घडते, याचे माझे आवडते उदाहरण लादुमा न्गोकोलो या तरुणाचे. इथल्या खोसा समाजातली मुले वयात येतानाच्या दीक्षाविधीनंतर जुने कपडे टाकून नवे, रुबाबदार कपडे घालतात. त्यांतले स्वेटर बहुधा युरोपीय धाटणीचे असत. स्वतः या विधीतून गेलेल्या लादुमाने पोर्ट एलिझाबेथच्या विद्यापीठात वस्त्रकला शिकताना, २०१० च्या सुमारास, नेमका हाच प्रश्न प्रकल्पासाठी घेतला: आपल्या विधीनंतरचा स्वेटर आपला का नसावा? खोसा मणीकामातले रंग आणि कोन त्याने मोहेर आणि मेरिनो लोकरीत विणले. विणकाम त्याला आईने शिकवले होते. त्यातून ‘मखोसा’ हा ब्रँड उभा राहिला, आणि २०१८ मध्ये झारा या बड्या कपडे-कंपनीच्या मोज्यांवर तशीच नक्षी दिसल्यावर त्याने जाहीर आक्षेप घेतला. त्याची नक्षी उचलायला एक मोजा पुरतो, पण तो प्रश्न मात्र त्या घरात, त्या विधीतून गेलेल्यालाच पडू शकतो. म्हणूनच अशा मुलांना वर्गात ‘हे डिझाइन नव्हे, संस्कृती आहे’ असे सांगणे मला अक्षम्य वाटते.

इथल्याच एन्डेबेले समाजातल्या चित्रकार एस्तर माहलांगू दहाव्या वर्षापासून आई आणि आजीकडून भिंती रंगवायला शिकल्या. कोंबडीच्या पिसाचा कुंचला, पट्टी नाही, कच्चे रेखाटन नाही, आणि तरी काळी रेघ सरळसोट. १९९१ मध्ये त्यांनी बीएमडब्ल्यूची मोटार रंगवली, तीही याच पद्धतीने. घराच्या अंगणात त्या मुलांना शिकवत आल्या आहेत. जोहान्सबर्ग विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली ती २०१८ मध्ये, ऐंशी उलटल्यावर! सन्मान मोठाच, पण अशा बाईला चाळिशीत स्टुडिओ, पगार आणि विद्यार्थ्यांना गुण देण्याचा अधिकार मिळाला असता तर किती पिढ्या घडल्या असत्या, या विचाराने मला हळहळ वाटते.

इथेही सारे आलबेल नाही. जाणकार आजीला अजूनही बहुतेकदा एका दिवसाच्या कार्यशाळेपुरतेच बोलावतात. पण पायंडे पडत आहेत. २०१९ च्या इथल्या कायद्याने देशी ज्ञानाच्या जाणकारांना अधिकृत प्रमाणपत्र देण्याची तरतूद केली. त्याच वर्षी रूइबोस चहाच्या उद्योगाने सान आणि खोई या मूळनिवासी समाजांना शेतावरच्या खरेदी दराच्या दीड टक्का देण्याचा करार केला, कारण त्या झुडपाची ओळख मुळात त्यांची.

आपल्याकडे २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर भारतीय ज्ञान प्रणालीवरून दोन तट पडले आहेत. एका तटाला सारे प्राचीन वैभव वाटते, दुसऱ्याला सारा थोतांडाचा बाजार. भांडण मात्र दोघांचेही पोथ्यांवरूनच. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावणारा ढोर समाज, खिळा न ठोकता चामड्याच्याच वादीने तळ शिवणारा चर्मकार, लग्नाचा चौक लिहिणाऱ्या वारली सवाशिणी, यांची विद्या ज्ञानाच्या यादीत खाली का? इथला अडसर वसाहतीचा आणि वर्णद्वेषाचा होता; आपल्याकडे त्याच्या जोडीला जात आहे, आणि हे मोकळेपणाने बोलल्याशिवाय देशी ज्ञानाची भाषा मला पोकळ वाटते.

एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचे विद्यार्थी कारागिरांच्या गावी जाऊन नोंदी करतात, ते मोलाचेच आहे. पण जाणारा विद्यार्थी आणि नोंद होणारा कारागीर ही वाटणी तशीच राहते. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या, प्रत्यक्ष कामाचा अनुभव असलेल्यांसाठीच्या अध्यापक पदासाठी पदवीची अट काढली. त्या पदावर निवृत्त कंपनी अधिकारी बसतील तर बसोत. पण कोल्हापूरच्या कारागिराचीही नेमणूक त्यावर व्हावी, बारा महिन्यांच्या पगारावर, आणि अंतिम वर्षाच्या चपलेला गुणही त्यानेच द्यावेत.