तीन वर्षांच्या खातेउताऱ्याच्या रिव्ह्यूला ओनरचं उत्तर

नमस्कार भाऊ, रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की तुमच्या औषध दुकानाच्या आमच्या सॉफ्टवेअरमध्ये, शेतकऱ्याच्या तीन वर्षांच्या खातेउताऱ्यात, एप्रिल लागल्यापासून नवी बिलं येत नव्हती, आम्ही दुरुस्त केल्यावर तर उताराच बंद पडला, आणि वरून आमच्या पोराने मेन पासवर्ड दिला नाही. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत, चूक आमचीच. द्राक्षवाल्याची औषधाची उधारी ऑक्टोबर छाटणीला सुरू होते आणि माल गेल्यावर एप्रिल-मेपर्यंत फिटते, ती काय ३१ मार्च बघून थांबत नाही, मग शेतकरी काउंटरवर उभा असताना बाकी दिसली नाही तर तुम्ही त्याला काय सांगणार.

झालं असं, दर आर्थिक वर्षाचा डेटाबेस वेगळा आहे आणि उतारा काढणाऱ्या स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये (सर्व्हरवर साठवलेला प्रोग्राम) आम्ही डेटाबेसची नावं हाताने लिहून ठेवली होती, १ एप्रिलला नवा डेटाबेस बनला पण प्रोसिजरला त्याचा पत्ताच नाही. प्रोसिजरमध्ये यूज ही कमांड लिहून डेटाबेस बदलता येत नाही एसक्यूएल सर्व्हरला, म्हणून घाईत डायनॅमिक क्वेरी (चालताना डेटाबेसचं नाव जोडून बनणारी) केली, ऑफिसात चालली आणि तुमच्याकडे एरर ९१६, म्हणजे या लॉगिनला त्या डेटाबेसमध्ये प्रवेश नाही. कारण आम्ही टेस्ट केली एसए म्हणजे सर्व्हरच्या मेन लॉगिनने, त्याला सगळीकडे मोकळं रान, आणि उताऱ्याचं तुमचं लॉगिन वेगळं, फक्त वाचणारं, त्याचा युजर नव्या डेटाबेसमध्ये बनवलाच नव्हता. त्याच लॉगिनने तपासायला पाहिजे होतं. मनापासून माफी मागतो.

पासवर्डच्या बाबतीत मात्र मी पोराच्या बाजूने आहे. एसए दिला असता तर उतारा दोन मिनिटांत निघाला असता हे खरंय, पण त्याच सर्व्हरवर तुमचा पगाराचा डेटाबेस आहे, काउंटरवर बसणारा कोणीही तो उघडू शकला असता, पुसूही शकला असता. हे मी कुठल्याच दुकानात करणार नाही.

आता प्रोसिजर वर्षांची यादी टेबलमधून घेते, तो डेटाबेस सर्व्हरवर खरंच आहे का बघते, नाव क्वोटनेम या फंक्शनमधून नीट कंसात घालते, आणि नवं वर्ष उघडलं की उताऱ्याचा युजर आणि वाचायची परमिशन तिथेच लागते. शनिवारी मी स्वतः पिंपळगावला येतो, तुमच्याच काउंटरवर तुमच्याच लॉगिनने काढू, ज्या शेतकऱ्याला तुम्हाला परत पाठवावं लागलं त्याचा उतारा आधी.