प्रतिक्रियेला उत्तर : घराचं सुख सांगणं म्हणजे फसवणूक नव्हे

ऊर्जा वाचवणारं घर विकताना तिथे राहायला किती बरं वाटेल हेही सांगावं, या माझ्या म्हणण्यावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : ऊर्जाबचत हा हिशेबाचा विषय आहे. बिल किती वाचेल आणि जादा खर्च किती वर्षांत वसूल होईल, एवढंच घर घेणाऱ्याला सांगावं. ‘या घरात बरं वाटेल’ असं सांगायला लागलो की बिल्डरांच्या हाती जाहिरातीचं आणखी एक हत्यार देतो.

हिशेब हवाच. पण तो आकडा दिसतो तितका पक्का नसतो. घरात माणसं किती, एसी किती वेळ चालतो, विजेचे दर पुढे काय होतात, यावर तो हलतो. एकाच इमारतीतल्या, अगदी सारख्या दोन घरांची बिलं कितीतरी वेगळी येतात.

आणि बरं वाटणं ही काही हवेतली गोष्ट नाही. शरीराला फक्त हवेचं तापमान कळत नाही. भिंती, छत, काचा यांच्याशी त्याची उष्णतेची देवाणघेवाण सतत चालू असते. वारा संथ असेल तर आपल्याला जाणवणारं तापमान हे हवेचं आणि भोवतालच्या पृष्ठभागांचं तापमान यांच्या जवळपास मध्यावर असतं. म्हणजे हवा २६ अंशांवर आणली, पण भिंती-छत मिळून सरासरी ३४ अंश असेल, तर अंगाला ३० जाणवतात. तापलेला स्लॅब दिवसभराची उष्णता रात्री उशिरापर्यंत खाली सोडत राहतो आणि माणूस कूस बदलत पडतो. छताला उष्णतारोधक थर दिला, खिडकीला बाहेरून सावली केली (आतला पडदा फारसा कामाचा नाही, ऊन तोवर काचेतून आत आलेलं असतं), तर बिलाच्या आधी झोप सुधारते. ही झोप मी घर घेणाऱ्याला का सांगू नये?

तसंही घर कोणी कोरडेपणाने घेत नाही. फरशी, बाल्कनी, स्वयंपाकघराचा ओटा बघून मन आधीच बसलेलं असतं. भिंतीतला थर दिसत नाही, म्हणून तो हरतो.

तुमची भीती मात्र रास्त आहे. सकाळपासून एसी लावून ठेवलेला सॅम्पल फ्लॅट कोणालाही गार वाटेल. म्हणून माझा आग्रह असा, की जाणिवेच्या प्रत्येक दाव्यामागे मोजमाप हवं. एसी बंद करायला सांगा, वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या खोलीत दुपारी चारला उभे राहा, इन्फ्रारेड थर्मामीटरने छत मोजा. ‘फटींतून धूळ, आवाज, झळा येत नाहीत’ असं कोणी म्हणालं तर दारात पंखा बसवून ५० पास्कल दाबाला हवेची गळती मोजतात, त्या चाचणीचा अहवाल मागा. जर्मनीत डार्मश्टाटला १९९१ मध्ये पहिलं पॅसिव्ह हाउस, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत आरामदायी राहणारं घर, उभं राहिलं. पॅसिव्ह हाउसच्या मानकात या दाबाला तासाला घराच्या आकारमानाच्या ०.६ पटीहून जास्त हवा गळता कामा नये. मात्र इतकं बंदिस्त घर असेल तर ताज्या हवेची वेगळी सोय केलीच पाहिजे, नाहीतर तिथे कोंदट होतं, ओल धरते. विकणारा ते आपणहून सांगतो का, तेही बघा.

मग वसुलीचा तक्ता काढून टाकायचा का, असं तुम्ही विचारलंत. नाही, तो राहू द्या. फक्त कोणता दर आणि किती वापर धरून तो केला आहे, ते त्याच पानावर ठळक छापलेलं असावं.