खोटे शिक्षक नेहमी शेजारच्याच चर्चमध्ये कसे काय असतात?

खोट्या शिक्षणावर मेसेज (प्रवचन) असला की आपल्याकडे चर्चमध्ये ठरलेलं असतं, बायबलमधलं पेत्राचं दुसरं पत्र अध्याय २ काढायचा आणि मग तासभर दुसऱ्यांची धुलाई. पेंटेकॉस्टलवाल्यांनी (पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणारे) मेनलाइनवाल्यांना (जुन्या, परंपरेतल्या चर्चचे) मेलेली मंडळी म्हणायचं, मेनलाइनवाल्यांनी त्यांना नुसता आरडाओरडा करणारे म्हणायचं, आणि मागच्या बाकावरचे आपण माना डोलावतो कारण आपलं नाव त्यात नसतं. अरे पण तो अध्याय नीट वाचा ना राव. पहिल्याच वचनात पेत्र सांगतो की खोटे शिक्षक तुमच्यातच निघतील. आणि तिसऱ्या वचनात कारणही देऊन टाकलंय, लोभ. पुढे बलाम नावाच्या संदेष्ट्याचं उदाहरण, इस्राएलाला शाप देण्यासाठी पैशाच्या आशेने निघालेला, आणि त्याला अडवलं कुणी तर त्याच्याच गाढवीने (गाढवीला देवदूत दिसला, संदेष्ट्याला नाही. माझ्या मते बायबलमधली सगळ्यात विनोदी जागा ही, पाळकांना सांगू नका).

पण मला पेत्रापेक्षा यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अध्याय २८ जास्त हलवतो. यहूदाच्या सिद्कीया राजाचं चौथं वर्ष. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमच्या मंदिरातली भांडी आणि यहूदाचा आधीचा राजा यखन्या आधीच बाबेलला नेलाय, आणि यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन सांगतोय की बाबेलपुढे मान वाकवा, तरच जगाल. अशा माणसाला लोक काय म्हणणार ते तुम्हीच ओळखा. तेवढ्यात गिबोन गावचा संदेष्टा हनन्या भर मंदिरात, याजकांसमोर उभा राहतो आणि परमेश्वराच्या नावाने सांगतो, दोन वर्षांत भांडी, राजा, बंदिवान सगळे परत येणार. आता खरं सांगा, तुम्ही त्या गर्दीत असता तर आमेन कुणाला म्हणाला असता?

आणि बघा, पहिलं आमेन खुद्द यिर्मयाच म्हणाला! वचन ६. परमेश्वर असंच करो. त्यालाही तेच हवं होतं. फक्त पुढे एवढंच म्हणाला की शांतीचं भाकीत करणाऱ्याचं बोलणं खरं ठरलं की कळेल त्याला देवाने पाठवलं होतं. हनन्याने ते जू काढून मोडलं, तर यिर्मया गप निघून गेला. परत आला तो देवाचं वचन मिळाल्यावरच, लाकडाचं मोडलंस आता लोखंडाचं येईल, तू या लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावलंस, याच वर्षी मरशील. हनन्या बोलला पाचव्या महिन्यात, मेला सातव्यात.

मला इथे अडखळायला होतं ते हे, की हनन्याने दुसरा देव सांगितलेला नाही. नाव परमेश्वराचंच, शब्द आशेचे, ऐकणारे खूश. न्याय झाला तो खोट्या दिलाशाबद्दल, कारण असा दिलासा ऐकलेलं शहर समोर काय येतंय ते बघतच नाही, आणि काही वर्षांतच यरुशलेम जळालं.

दिलाशाऐवजी भीती विकणारेही असतात म्हणा. अमेरिकेतले हॅरॉल्ड कॅम्पिंग, रेडिओवरून सांगत होते २१ मे २०११ न्यायाचा दिवस. आधी १९९४ सांगून झालं होतं. न्यूयॉर्कच्या एका निवृत्त माणसाने तर साठवलेले १ लाख ४० हजार डॉलर याच्या जाहिरातींवर घातले. २१ मे गेला, मग २१ ऑक्टोबर सांगितलं, तोही गेला. मत्तय २४:३६ मध्ये प्रभू सरळ म्हणतो की तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही, आणि हे रेडिओवर तारीख देतायत! २०१२ मध्ये त्यांनी चूक झाली, पाप झालं असं लिहून कबूल केलं, तेवढं तरी केलं.

आता कुणी म्हणेल, "अभिषिक्ताला हात लावू नका", म्हणजे देवाने नेमलेल्या सेवकाला काही बोलू नका. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! हिशोब विचारला की अभिषिक्त, भाकीत चुकलं की अभिषिक्त. दावीद तर अभिषिक्त राजा होता, तरी त्याने पाप केल्यावर नाथान संदेष्ट्याने तोंडावर सांगितलंच ना, तो माणूस तूच म्हणून? बिरुया गावचे लोक तर प्रेषित पौलाचं शिक्षण रोज शास्त्रात तपासून बघत होते आणि प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये त्यांचं कौतुक आहे, कुठे त्यांच्यावर शाप आलेला नाही. उलट याकोब ३:१ म्हणतो शिकवणाऱ्यांचा न्याय जास्त कडक होईल. म्हणजे भीती स्टेजवरच्याला वाटायला पाहिजे आणि आपल्याकडे खाली बसलेली बाई घाबरतेय, दशांश (मिळकतीचा दहावा हिस्सा) द्यायचा चुकला तर पोरगं आजारी पडेल म्हणून.

आणि हो, न्याय देवाचा म्हणजे देवाचाच. शोमरोन भागातल्या लोकांनी येशूला गावात घेतलं नाही तेव्हा त्याचे शिष्य याकोब-योहान आकाशातून आग पाडू का विचारत होते, प्रभूने त्यांनाच धमकावलं. "बघाच देव त्यांचं काय करतो" असं चवीने बोलणारे आपल्यात कमी नाहीत. तपासा, विचारा, पटलं नाही तर बाहेर पडा, पण मजा कसली घेताय?

आमच्या पाळकांना मी विचारलं, बायबल स्टडीत यिर्मया २८ घेऊया का, आणि त्याच दिवशी मंडळीचा वर्षाचा जमाखर्चही वाचूया का. पहिल्याला लगेच हो म्हणाले. दुसऱ्याचं कमिटीला विचारून सांगतो म्हणालेत.