पुस्तकावरचा सिनेमा येतोय? अशी करा तयारी

तुमच्या लाडक्या पुस्तकावर सिनेमा येतोय, अभिनंदन! पुस्तकाचं नाव लिहीत नाही, लिहिलं की लगेच लिंक मागाल. ड्रॅगन आहे, जादू आहे, पहिल्या पानावर नकाशा आहे, एवढं पुरे. असा सिनेमा सांगलीत राहून बघायचा असेल, तर गेल्या शनिवारच्या ताज्या अनुभवावरून चार सूचना.

आधी पुस्तक पुन्हा वाचायला घ्या. घरात कुणीतरी विचारेलच, "या वयात राक्षसांच्या गोष्टी?" मान डोलवा आणि पान उलटा.

टीझर थांबवत थांबवत बघा. ड्रॅगनचे खवले पुस्तकात तांबूस आहेत आणि इथं राखाडी दिसतात, यावर ग्रुपवर रात्री दीडपर्यंत भांडा. भांडणारे सगळे पहिल्याच दिवशी जाणार असतात. निदान तसं लिहितात.

अपेक्षा बेताच्या ठेवा. 'द हॉबिट' हे 1937 सालचं मुलांसाठी लिहिलेलं एकच पुस्तक. त्याचे 2012 ते 2014 असे ओळीनं तीन सिनेमे काढले. याउलट 2007 च्या 'द गोल्डन कंपास'मध्ये पुस्तकाचा शेवट पुढच्या भागासाठी राखून ठेवला आणि पुढचा भाग आलाच नाही. आपल्या वाट्याला यातलं काय येणार, ते निर्माता ठरवतो. आपण फक्त 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या सिनेमात पुस्तकातल्या टॉम बॉम्बाडिलला का गाळला म्हणून 2001 पासून कुढत बसायचं.

आणि मुख्य सूचना : तिकीट अजिबात काढू नका. मी काढलं. अख्ख्या शहरात इंग्रजी शो एकच, तोही सकाळी सव्वानऊचा. आंघोळ उरकून, गाडी लावून दारात पोचलो तेव्हा मेसेज आला, 'शो रद्द, पैसे पाच ते सात दिवसांत जमा होतील.' वरचं बुकिंगचं शुल्क गेलं ते गेलंच. खिडकीवरचा पोरगा बिचारा सरळ होता. "काका, तीनच तिकिटं गेल्यात. एवढ्यात एसी लावायलाबी परवडत न्हाई. दुपारचा हिंदी बघा की, त्यातबी ड्रॅगन हाय."

तीन. ग्रुपवर आम्ही सव्वाशे जण आहोत!

उरलेली दोन तिकिटं तासगावहून एसटीनं आलेल्या बापलेकीची. पोरगी सातवी-आठवीतली असेल. काखेत तेच पुस्तक, त्याला घरी घातलेलं खाकी कव्हर आणि त्यावर स्केचपेननं काढलेला ड्रॅगन. तांबूस खवल्यांचा. बाप तिला म्हणाला, "चल, भडंग खाऊ." ती काही बोलली नाही.

पायरीवर उभं राहून मोबाईल उघडला, तर ग्रुपवर आनंदीआनंद. "भावा, टेलिग्रामवर आलाय. थेटरातनं काढलेली प्रिंट हाय, पण चालतंय." दुपारपर्यंत परीक्षणंही पडली : 'ग्राफिक्स गंडलंय', 'पुस्तकाची मजा नाही', 'दीड स्टार'. मजा कशी येईल? पुढच्या रांगेतल्या माणसाचं डोकं, कुणाचा तरी खोकला, अंधारात बुडालेली अख्खी सेना आणि ड्रॅगनच्या तोंडावर सट्ट्याची जाहिरात. खवल्यांच्या रंगावरून रात्र जागवणाऱ्यांना हे चालतं!

2023 च्या कायदादुरुस्तीनं चोरून सिनेमा रेकॉर्ड करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान तीन लाख दंड ठेवलाय. ग्रुपवर त्याला 'देवमाणूस' म्हणतात.

वर आपली सांगली म्हणजे नाट्यपंढरी, हे बाहेरच्यांना ऐकवायला विसरू नका. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली इथंच 'सीतास्वयंवर' उभं केलं. देव, राक्षस, सोंगं, सगळं आलं त्यात. 1853 मध्ये त्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले, तेव्हा लोकांनी पैसे मोजून राक्षस बघितले. आज भावे असते तर खेळ उभा राहायच्या आत कुणीतरी 'लिंक हाय का?' विचारलं असतं.

बास झाल्या सूचना. अरे, लाज वाटत नाही का? 'सांगलीत चांगलं काही लागत नाही, पुण्याला जावं लागतं' म्हणून कुणापुढं रडता? लागलं होतं की! लागलं होतं आणि तुम्ही घरात लोळत मोबाईलवर बघत होता. त्या बापानं दोन तिकिटं काढली, वर तासगावची एसटी केली. तुमचा एका संध्याकाळचा चहा-वडापाव तेवढ्याचा होतो. आणि तुम्ही फुकट चोरून बघता आणि वर स्टार वाटता. दीड स्टार म्हणे!