निरंक

आज सकाळी आमच्या वसाहतीच्या सभागृहात, ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या जंगलाच्या पायथ्याशी होऊ घातलेल्या एका कामाची माहिती देण्यासाठी बैठक झाली. चहा-समोसे होते, पडद्यावर रंगीत नकाशे होते आणि त्या कामाच्या पर्यावरण-परिणाम अहवालाचा मराठी सारांश प्रत्येकाच्या हातात दिला होता. त्यात एक तक्ता आहे आणि त्या तक्त्यात ‘विशेष उल्लेखनीय वनस्पती’ या रकान्यापुढे एकच शब्द छापला आहे : निरंक.

मी बत्तीस वर्षे सरकारी कचेरीत कारकुनी केली. हा शब्द किती वेळा लिहिला असेल याची गणती नाही, आणि त्यातले निम्मे निरंक फाईल न उघडताच लिहिले होते, हेही आज कबूल करून टाकतो. त्यामुळे कोणता निरंक पाहून लिहिलेला आहे आणि कोणता बसल्या जागी, हे मला वासावरून कळते.

अहवालासाठी पाहणी झाली ती एप्रिल २०२५ मध्ये, सहा दिवस. आता आठवून पाहा. २०२४ च्या पावसाळ्याच्या अखेरीस येऊरचे उतार कारवीने जांभळे झाले होते आणि तुम्ही सगळ्यांनी तिथे जाऊन फोटो काढले होते. आपल्याकडची कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते, २००८, २०१६, २०२४, आणि फुलून बी धरले की मरते. म्हणजे एप्रिलमध्ये त्या सद्गृहस्थांनी ज्या काटक्या तुडवल्या, त्या मेलेल्या कारवीच्या होत्या आणि तिचे बी पावसाची वाट पाहत होते. त्यांनी लिहिले, ‘वाळकी झुडपे’. पावसाळा वगळून एका हंगामाची पाहणी अशा अहवालांना चालते म्हणे! ज्या जंगलाचा सगळा संसार जून ते ऑक्टोबरमध्ये उभा राहतो, विणीसाठी नवरंग पक्षी जिथे पावसाच्या तोंडावर येतो, त्याची हजेरी उन्हाळ्यात घ्यायची आणि गैरहजर म्हणून शेरा मारायचा.

तरीही माझे डोके फिरले ते अहवालामुळे नव्हे. आमच्यातलेच एक गृहस्थ उठून म्हणाले, ‘‘बिबटे आहेत, झाडे आहेत, हे सगळ्यांना ठाऊकच आहे. त्यात वर्षानुवर्षे संशोधन कसले करायचे?’’ आणि यावर टाळ्या पडल्या.

आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी गेली तीन वर्षे येऊरमधील साठ झाडांची नोंद ठेवते आहे. वनखात्याची रीतसर परवानगी, प्रत्येक झाडाला ॲल्युमिनियमची क्रमांकाची पट्टी, आणि महिन्यातून एकदा त्याच साठ झाडांखाली जाऊन पालवी किती, फूल किती, फळ किती, एवढेच लिहायचे. गेल्या जानेवारीत मी हौसेने तिच्याबरोबर गेलो. पाटोणपाड्याच्या पुढे एक्केचाळीस क्रमांकाचा ऐन आहे; खोडावर मगरीच्या पाठीसारख्या भेगा. त्या दिवसांत ऐनाच्या फांद्या पंख असलेल्या फळांनी लगडलेल्या असायला हव्यात. दुर्बीण लावून ती मुलगी त्या झाडाभोवती फिरत राहिली. वीस मिनिटे. माझे गुडघे दुखू लागले, थर्मासमधला चहा संपला. शेवटी तिने वही उघडली आणि लिहिले, ‘फळ : ०’.

मी म्हटले, ‘‘अगं, काहीच नाही तर लिहायचं कशाला?’’

ती म्हणाली, ‘‘काका, नाही हेसुद्धा पाहूनच लिहावं लागतं.’’

तेव्हा मला हा पोरकटपणा वाटला होता. आज अहवालातील निरंक वाचताना त्या वीस मिनिटांची किंमत कळली.

संशोधन कसले म्हणणाऱ्यांनी २००४ चा जून आठवावा. येऊर ज्याचा भाग आहे त्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने बिबट्याच्या हल्ल्यांत लागोपाठ माणसे जात होती आणि संध्याकाळी सातनंतर मुलांना कोणी खाली सोडत नव्हते. तेव्हा सगळ्यांना ‘ठाऊक’ असलेला उपाय एकच होता, पिंजरा लावा आणि दूर नेऊन सोडा. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागात चिकाटीने अभ्यास केला, तेव्हा दिसले की परक्या मुलखात सोडलेला बिबट्या शांत होत नाही, तर जिथे सोडला तिथे हल्ले वाढू शकतात. पुढे २०१५ मध्ये संशोधक निकित सुर्वे यांनी स्वयंचलित कॅमेरे समोरासमोर लावून, दोन्ही कुशींवरचे ठिपके ताडून पाहत उद्यान आणि परिसरात ३५ बिबटे मोजले. त्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे हेही कळले, म्हणजे बिबट्याची वाट आपल्या कचराकुंडीपाशी येते. ठिपके मोजणारी ही रिकामटेकडी माणसे नसती, तर आपण अजूनही पिंजरेच लावत बसलो असतो.

घोडबंदर रस्त्यावर रुग्णवाहिका अडकते, हे मला मान्य आहे. माझ्याच मेहुण्याला घेऊन मी तिथे दीड तास बसलो आहे. कामे व्हायलाच हवीत. संशोधकही काही सगळे संत नसतात. वारली माणसाने बोट दाखवून ओळखून दिलेल्या झाडावर निबंध छापून येतो आणि त्या माणसाचे नाव त्यात कुठेही नसते. हे त्या मुलीलाही खटकते. तिच्या वहीत मात्र पाड्यावरच्या वाटाड्याचे नाव दर पानावर, तारखेच्या शेजारी असते.

एवढे लिहून झाल्यावर राग थोडा उतरला आहे, म्हणून उरलेलेही सांगतो. टाळ्या पडल्या तेव्हा मी उठून उभा राहिलो होतो. ऐनाची गोष्ट सांगणार होतो. सगळे माझ्याकडे पाहू लागले, घसा कोरडा पडला आणि ‘समोसे आणखी आहेत का’ असे काहीतरी विचारून मी खाली बसलो. ती मुलगी मागच्या रांगेत होती. ती हसली, आणि ते हसणे मला टाळ्यांपेक्षा जास्त लागले.

दुपारी तिच्याकडे जाऊन विचारले, त्या ऐनाला फळ का आले नाही? वणव्यामुळे, पावसाच्या लहरीमुळे, की पलीकडच्या बंगल्यांवर रात्रभर जळणाऱ्या दिव्यांमुळे? मला हरकतीच्या अर्जात घालायला एक दणदणीत कारण हवे होते. ती म्हणाली, ‘‘आत्ताच नाही सांगता येणार, काका. अजून दोन-तीन वर्षं बघावं लागेल.’’ मी चिडलो. अहवालवाल्यांना सहा दिवसांत सगळे कळते आणि तुला तीन वर्षांत एक झाड कळत नाही? ती काही बोलली नाही, फक्त त्या ऐनाच्या नोंदी काढून माझ्यापुढे ठेवल्या. छत्तीस तारखा, छत्तीस नोंदी. पावसाने शाई फुटलेली एक, आणि एकीवर चिखलाचा अंगठा.

हरकती देण्याची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. अर्ज मी लिहून ठेवला आहे, कचेरीच्या भाषेत, मुद्देसूद. ज्यांना सही करायची आहे त्यांनी संध्याकाळी घरी यावे. या नोंदी जोडू का, असे तिला विचारले, तेव्हा बराच वेळ विचार करून तिने होकार दिला, पण मूळ वही देणार नाही म्हणाली, झेरॉक्स काढा. रविवारी तिला ती वही लागणार आहे.