पोट दुखायलंय म्हणून नेलं अन् निघाला कोरोना
खोकला नसताना नुसत्या पोटदुखीनंबी कोरोना समोर येऊ शकतो, अगदी तसंच आमच्या मामाला झालतं, २०२१ च्या एप्रिलमधी. सर्दी नाही खोकला नाही, उजव्या अंगाला पोट दुखायलंय म्हणून दोन दिवस ओवा अन् काळं मीठ चालू, मग जुलाब लागले. गंगाखेडहून परभणीला नेलं तर आधी अपेंडिक्सचीच शंका, सोनोग्राफीत काहीच नाही, शेवटी पोटाचा सीटी स्कॅन काढला अन् त्यात वरच्या टोकाला फुफ्फुसाचा खालचा भाग येतो बघा, तिथं कोरोनात दिसतात तसले पांढरट चट्टे! मामा तोवर म्हणायलेत मला दम लागत नाही, अन् बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ऑक्सिजन नुसता ८८ टक्के.

डॉक्टरांनी नीट समजावलं, हा विषाणू पेशीवरच्या ज्या एसीई-२ रिसेप्टरला (म्हणजे पेशीत शिरायच्या दारालाच) चिकटतो ते आतड्यातबी भरपूर असतात, म्हणून पोट बिघडू शकतं. अन् फुफ्फुसाच्या खालच्या भागाला सूज आली की छातीच्या खालच्या अन् पोटाच्या नसा एकच असल्यानं कळ पोटात येते. लहान लेकरांच्या न्यूमोनियातबी असं होतं, म्हणून लेकरू ताप अन् पोटदुखीनं रडायलं तर डॉक्टरला छातीबी तपासायला सांगा, हात जोडून सांगतो.