शांताबाईंच्या अनुवादाला उसनवारी म्हणण्यापूर्वी

शांता शेळके यांच्याविषयी एक मत अलीकडे इतक्या वेळा पुढे पाठवले जाते, की ते आता माहिती म्हणूनच स्वीकारले जाऊ लागले आहे. त्याचा आशय असा: शांताबाई मुळात चित्रपटगीतकार, कविता हा त्यांचा जोडधंदा, बाईच्या नावाने गाणी खपणार नाहीत म्हणून त्यांनी ‘डॉ. वसंत अवसरे’ हे पुरुषी नाव घेतले. अनुवाद केले ते पोटापाण्यासाठी. आणि ज्या गीतामुळे त्या घराघरांत पोहोचल्या ते ‘तोच चंद्रमा नभात’ तर एका संस्कृत श्लोकाची उचलेगिरी आहे. यातल्या प्रत्येक विधानाला उत्तर आहे आणि ते देणे मला आवश्यक वाटते, कारण शांताबाईंच्या कवितेने ज्यांचे कान तयार केले त्यांच्यापैकी मी एक आहे.

पहिले विधान तारखांपुढेच टिकत नाही. ‘वर्षा’ हा त्यांचा कवितासंग्रह 1947चा आहे आणि ‘राम राम पाव्हणं’ हा चित्रपट, ज्यातून त्यांचे चित्रपटगीतलेखन सुरू झाले, 1950चा. पुढे ‘रूपसी’, ‘गोंदण’ असे संग्रह येत राहिले. 1996 साली आळंदीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, ते काही चित्रपटगीतांसाठी नव्हे. शिवाय लोकांच्या ओठांवर असलेली त्यांची कितीतरी गीते मुळात चित्रपटांतली नाहीतच. ‘काटा रुते कुणाला’ हे नाट्यपद आहे, ‘मी डोलकर’ हे कोळीगीत आहे, आणि खुद्द ‘तोच चंद्रमा’ हे सुधीर फडके यांनी स्वरबद्ध करून गायलेले भावगीत आहे.

टोपणनावाविषयी फार लिहावे असे काही नाही. ज्या बाईने आधी स्वतःच्या नावाने कवितासंग्रह काढला आणि चित्रपटगीतेही दिली, तिला दहा वर्षांनी आपले बाईपण लपवावेसे वाटले, हा तर्कच विचित्र आहे. त्या चित्रपट परीक्षण मंडळावर काम करत होत्या आणि त्याच काळात चित्रपटांसाठी गीतेही लिहीत होत्या, या अडचणीतून ते नाव आले. ‘अवघाचि संसार’ या चित्रपटातील गीते त्या नावाने आहेत.

अनुवाद पोटापाण्यासाठी केले, या विधानात मात्र थोडे तथ्य आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. आचार्य अत्रे यांच्या ‘नवयुग’मध्ये उमेदवारी केलेल्या, पुढे महाविद्यालयांत शिकवून स्वतःच्या पायांवर उभ्या राहिलेल्या बाईने लेखनाचे पैसे घेतले यात गैर काय आहे? प्रश्न एवढाच, की पैसे घेतले म्हणून काम हलके झाले का. याचे उत्तर ‘चौघीजणी’ या नावातच आहे. लुइझा मे अल्कॉटच्या ‘लिटल विमेन’चे शब्दशः मराठी केले तर ‘छोट्या स्त्रिया’ असे काहीतरी ओबडधोबड हाती लागते. शांताबाईंनी ते शब्द सोडले आणि बायकांच्या बोलण्यातला ‘जणी’ उचलला. त्या एका शब्दात संख्या आहे, बाईपण आहे आणि एका घरात वाढलेल्यांची सलगीही आहे. त्या कादंबरीतल्या मार्च बहिणी मात्र अमेरिकेतल्याच राहिल्या, त्यांना पुण्याच्या वाड्यात आणून बसवण्याचा मोह शांताबाईंनी टाळला. मूळ परके ठेवायचे आणि भाषा मात्र घरची, हा तोल ज्याला साधतो त्यालाच अनुवाद जमला म्हणायचे. जपानी हायकूंचे त्यांनी केलेले ‘पाण्यावरल्या पाकळ्या’ घ्या, किंवा चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज आणि बोरकर यांची भाषांतरे मराठीत असतानाही उत्तरायुष्यात केलेले ‘मेघदूत’ घ्या. हे उद्योग पैशाकडे डोळा ठेवून कोणी करत नाही.

आता राहिला उचलेगिरीचा आरोप, जो सर्वांत जास्त फिरतो आणि सर्वांत कमी तपासला जातो. परंपरेने शीलाभट्टारिका या संस्कृत कवयित्रीच्या नावावर असलेला, मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या काव्यशास्त्रावरील ग्रंथाच्या पहिल्याच उल्लासात, म्हणजे प्रकरणात, दिलेला तो श्लोक असा:

यः कौमारहरः स एव हि वरस्ता एव चैत्रक्षपास्ते चोन्मीलितमालतीसुरभयः प्रौढाः कदम्बानिलाः।
सा चैवास्मि तथापि तत्र सुरतव्यापारलीलाविधौ रेवारोधसि वेतसीतरुतले चेतः समुत्कण्ठते॥

नायिका म्हणते, की ज्याने माझे कौमार्य हरले तोच आज माझा पती आहे, त्याच चैत्रातल्या रात्री आहेत, उमललेल्या मालतीचा गंध घेऊन येणारे कदंबवनातले तेच वारे आहेत, मीही तीच आहे. तरीही रेवेच्या, म्हणजे नर्मदेच्या, काठच्या त्या वेताच्या झाडाखालच्या क्रीडेसाठी मन झुरते आहे. ‘स एव’, ‘ता एव’ ही जी पुनरुक्ती आहे, तिचाच ‘तोच’, ‘तीच’ झाला, चैत्राची रात्र आली, मालतीच्या जागी जाईचा कुंज आला. हे ऋण उघड आहे आणि संस्कृत वाचणाऱ्या कोणालाही पहिल्या ओळीतच ओळखू येते. उचलेगिरी करणारा माणूस इतक्या प्रसिद्ध श्लोकाला हात लावत नाही.

परंतु ऋण कुठे संपते तेही पाहिले पाहिजे. पहिली गोष्ट म्हणजे ज्या चंद्राने गीत सुरू होते, तो श्लोकात नाहीच. दुसरी, श्लोकात स्त्री बोलते आणि गीतात पुरुष, समोरच्या ‘कामिनी’ला उद्देशून. तिसरी, श्लोकातल्या नायिकेची जागा बदललेली आहे. तिला रेवाकाठ हवा आहे आणि ती तिथे नाही. गीतात जागासुद्धा बदललेली नाही, कुंजही तोच आहे, आणि म्हणून दोष द्यायला बाहेरचे काहीच उरत नाही. इथे शांताबाई मूळ कवितेपासून पूर्ण फारकत घेतात. शीलाभट्टारिकेच्या नायिकेची ओढ जिवंत आहे, लग्नानंतरही ती चोरट्या भेटींसाठी आसुसलेली आहे. शांताबाईंच्या नायकाची ओढच विझलेली आहे, आणि ती का विझली हे त्याला स्वतःला कळत नाही. श्लोक शृंगाराचा आहे, गीत शोकाचे आहे. ज्यांना अजूनही ही नक्कल वाटते त्यांनी श्लोकाचे अखेरचे क्रियापद, ‘समुत्कण्ठते’ म्हणजे ‘झुरते’, घ्यावे आणि गीताच्या तिन्ही कडव्यांत त्याचा प्रतिशब्द शोधून पाहावा. तो तिथे नाही.